घाटावरचं पाणी आणि काशीगावचा नळ

(मीरा-भाईंदरमधल्या काशीगाव येथे स्मृती व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मीरा-भाईंदरमध्ये कुणालाही विचारावं, पाणी कधी येतं? वार, वेळ, प्रेशर किती, सगळं तोंडपाठ असतं. पाणी कुठून येतं, असं विचारलं की बोलणं सोसायटीच्या टाकीपाशी अडतं. फार तर कुणी म्हणतं, 'स्टेम'चं. कुणी म्हणतं, 'एमआयडीसी'चं. ही झाली पाणी पुरवणाऱ्यांची नावं. नदीचं नाव राहूनच जातं.

नदी उल्हास. स्टेम प्राधिकरण शहाडला उल्हासमधून पाणी उचलतं, टेमघरला शुद्ध करतं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे पाठवतं. एमआयडीसीचा उपसाही याच नदीतून होतो आणि त्याला बारवी धरणाचा आधार आहे. एवढं महापालिकेच्या कागदावर आहे. पण कोकणातली नदी एप्रिल-मेमध्ये अशी उपशाला पुरण्याइतकी वाहते कशी? शेजारच्या लहानमोठ्या नद्या शिमग्यानंतर डोहांपुरत्या उरतात. उल्हास उरत नाही, वाहते. त्याचं कारण कर्जतजवळच्या भिवपुरीला आहे.

मावळात आंध्रा नावाची नदी आहे. तिचा नैसर्गिक रस्ता पूर्वेचा: आंध्रा इंद्रायणीत, इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेत, भीमा पंढरपूरवरून कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. टाटांनी या नदीवर ठोकरवाडीला धरण बांधलं, सह्याद्रीच्या धारेतून पाणी आरपार काढलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या जनित्रांवर सोडलं. १९२२ साली ते वीजघर सुरू झालं. जनित्र फिरवून झालेलं पाणी, ज्याला अवजल म्हणतात, ते उल्हासमध्ये जातं. तेव्हा काशीगावातल्या घागरीत उन्हाळ्यात जे पाणी पडतं त्यातला काही हिस्सा खरं तर पंढरपूरला निघालेला होता. चंद्रभागेच्या वाळवंटात टँकर दिसू लागले की इथे कुणाला अपराधी वाटावं, असा याचा अर्थ नाही. पण एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेण्याचा विषय या गावाला परका नाही. तो इथल्या स्वयंपाकघरात आहे.

आणि आता दुसऱ्यांदा येतो आहे. डहाणू-विक्रमगडच्या बाजूची सूर्या नदी ही वैतरणेची उपनदी. धामणीचं धरण आणि कवडासचा बंधारा मुळात पालघरच्या आदिवासी शेतीसाठी. तिथून ४०३ दशलक्ष लिटर रोज उचलायची योजना एमएमआरडीएने आखली: १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. मेंढवणच्या खिंडीत एक बोगदा, तुंगारेश्वरच्या डोंगरात दुसरा, मग वसईची खाडी ओलांडून चेणेचा जलाशय. म्हणजे वैतरणेच्या खोऱ्यातलं पाणी उल्हासच्या खाडीपलीकडे. २१८ दशलक्ष लिटर हा आकडा मराठवाड्यातल्या माणसाला कळावा म्हणून त्याच्या भाषेत सांगायचा तर वर्षाला सुमारे २.८ टीएमसी (अब्ज घनफूट). एका शहराचा एका योजनेतला वाटा.

हा हिशेब आधी मांडण्याचं कारण आहे. नदीजोडाची चर्चा महाराष्ट्रात नेहमी तहानलेल्या बाजूने सुरू होते. काशीगाव पाणी घेणाऱ्यांपैकी आहे. इथून ती चर्चा जरा वेगळी दिसते.

राज्याच्या नद्यांत वर्षभरात मिळून सरासरी १६३.८२ अब्ज घनमीटर पाणी येतं, असा जलसंपदा विभागाचा जुना आणि सर्वत्र वापरला जाणारा आकडा आहे. त्यातलं ६९.२१ अब्ज घनमीटर एकट्या कोकणात. गोदावरीत ५०.८८, कृष्णेत ३४.०३, तापीत ९.१२, नर्मदेत अर्ध्या अब्जाच्या जरा वर. राज्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाच्या जमिनीवर बेचाळीस टक्के पाणी. हा तक्ता बघितला की कुणाच्याही मनात पहिला विचार येतो तो हाच, की हे पाणी उचलून घाटावर टाकावं. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात खोऱ्या-उपखोऱ्यांचा तपशीलवार ताळेबंद मांडला. त्यानंतर सरकारं बदलली, योजनांची नावं बदलली, पण तक्त्यातला हा मोह गेला नाही. २०२४ मध्ये तर मंजुऱ्यांची रांगच लागली. नार-पार-गिरणा, सात हजार कोटींच्या वर. वैनगंगा-नळगंगा, ४२६ किलोमीटर, खर्च ८० हजार कोटींच्या कितीतरी पुढे. दमणगंगा-एकदरे-गोदावरी. दमणगंगा-वैतरणा-गोदावरी. सभेत ही नावं एका दमात घेतली जातात तेव्हा टाळ्या पडतात. पण त्यांतली प्रत्येक योजना वेगळ्या भूगोलात, वेगळ्या खडकात जाते.

गंमत अशी की घाटाच्या एका बाजूला आपण कृष्णा खोऱ्याचं पाणी कोकणात पाडून वीज काढतो आणि दुसऱ्या बाजूला वीज जाळून कोकणाचं पाणी गोदावरीत चढवायचं म्हणतो. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी कोयनेला ६७.५ टीएमसी आणि टाटांच्या धरणांना साडेबेचाळीस टीएमसीच्या आसपास पाणी धरलं. म्हणजे एकशे दहा टीएमसीच्या घरातलं पाणी रीतसर उलट्या दिशेने जातं. आणि चढवायला काय लागतं? समजा एक टीएमसी पाणी पाचशे मीटर उंच न्यायचं आहे. पंपांची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर साडेपाच कोटी युनिट वीज. सगळेच जोड इतके चढाचे नाहीत. काहींत बोगद्याने, उताराने बरंच काम होतं. पण विजेचं बिल कोण भरणार, हा प्रश्न उपसा योजनांच्या मुळाशी बसलेला आहे. बिल थकल्यामुळे पंप बंद पडलेल्या उपसा सिंचन योजना राज्यात कुणी पाहिल्या नाहीत असं नाही.

दुष्काळ पडला की म्हणूनच मागणी होते, टाटांचं पाणी पूर्वेला वळवा. न्याय्य वाटते. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी टाटांच्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा प्रश्न बुडणाऱ्या जमिनींचा होता. आज तो पाण्याच्या दिशेचा झाला आहे. फक्त हे पाणी उद्या थांबवलं तर उन्हाळ्यात उल्हास आटेल, टाटांच्याच पाण्यावर वाहणारी पाताळगंगा आटेल, आणि कल्याणपासून काशीगावपर्यंतचे नळ फुसफुसू लागतील. आंतरखोरे पाणी एकदा वाहायला लागलं की त्याच्या टोकाला शहर उभं राहतं. मग ते पाणी परत मागणं म्हणजे शहर परत मागणं.

आता मुख्य गोष्टीकडे. नदी उचलून नेता येते, हे टाटांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. नेलेलं पाणी भूजल आटलेल्या मुलखात टाकलं की तिथलं भूजल वर येतं का? नेता-इंजिनियर मंडळींच्या बोलण्यात हे गृहीतच असतं. ते खडकावर अवलंबून आहे. आणि महाराष्ट्रात खडक म्हणजे, ऐंशी टक्क्यांहून जास्त भागात, बेसॉल्ट.

मराठवाड्यातली एखादी विहीर वरून खाली बघत जावी. वर काळी माती, हात-दोन हात किंवा पुरुषभर. तिच्याखाली मुरूम. मुरमाखाली मांजऱ्या खडक, भोकाभोकांचा, सुटा, पहारीला दाद देणारा. इथेच पाझर असतात. पावसाळ्यात विहिरीच्या या पट्ट्यातून पाणी धारेने गळताना दिसतं. मग काळा पाषाण. तिथे सुरुंग लागतो, पैसा लागतो आणि पाणी लागत नाही. लागलं तर एखाद्या भेगेत. त्या भेगेच्या आशेने विहिरीच्या तळातून चहूबाजूंना आडवे बोअर मारतात. तेही कोरडे गेले की शेतात उभं बोअर, पाचशे फूट, सातशे फूट. पाणाड्या नारळ हातावर उभा करून जागा दाखवतो. भूजलशास्त्रज्ञ नकाशा घेऊन दाखवतो. शेतकरी दोघांचंही ऐकतो आणि कर्ज काढतो.

या सगळ्या खडकाची पाणी साठवण्याची ताकद किती? पाणी धरणारा थर दहा मीटर जाड मानला आणि त्यातून दोन टक्के पाणी सुटतं असं मानलं, जे बेसॉल्टसाठी उदार अनुमान नाही पण कंजूषही नाही, तर एका चौरस किलोमीटरमध्ये वीस कोटी लिटर मावतं. मीरा-भाईंदरचा सूर्येतला रोजचा वाटा एकवीस कोटी ऐंशी लाख लिटर. म्हणजे एका चौरस किलोमीटर रानाच्या पोटात या शहराचं एका दिवसाचं पाणीही बसत नाही. चांगला पाऊस झाला की ही जागा सप्टेंबरपर्यंत आपोआप भरते, विहिरी तोंडाला येतात. त्या वेळी कोकणातून नदी आणून ओतली तर ती ओढ्याने पुढे निघून जाईल. आणि पाऊस पडला नाही त्या वर्षी? त्या वर्षी बहुतेकदा पाणी देणाऱ्या खोऱ्यातही हात राखून द्यावं लागतं.

मग भूजल पुनर्भरणाला बाहेरचं पाणी कुठेच उपयोगी नाही का? आहे. पण त्यासाठी मराठवाड्यातून उठून खानदेशात जावं लागेल.

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या वरच्या अंगाला एक पट्टा आहे. हजारो वर्षं सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, मोर, सुकी यांसारख्या नद्यांनी गोटे, रेती, भरड गाळ डोंगराच्या पायाशी आणून टाकला. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून खळाळत आलेला नाला या पट्ट्यात शिरला की मधेच गडप होतो. पावसाळ्यातही पात्र कोरडं. ते पाणी खाली तापीच्या गाळाच्या मैदानात मुरत जातं. याच पाण्यावर जळगावची केळी उभी राहिली. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत लावली जाणारी, वर्षभर पाणी मागणारी केळी. ट्यूबवेल वाढल्या, पंप मोठे झाले, पाणी खाली खाली गेलं. ठिबक या मुलखात बाकी महाराष्ट्राच्या आधी रुजलं. तरी पाणी खालीच गेलं, कारण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली.

इथे मात्र जमिनीच्या पोटात खरीखुरी रिकामी जागा आहे. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातला गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. भरड गाळ बेसॉल्टच्या पाच-सहा पट पाणी धरतो. पूर्वी भरलेला आणि आता उपसून कोरडा झालेला थर तीस मीटरचा धरला, तर एका चौरस किलोमीटरमध्ये साडेतीनशे कोटी लिटरच्या आसपास जागा निघते. मराठवाड्यातल्या वीस कोटींशेजारी हा आकडा ठेवला की एकच शब्द, पुनर्भरण, दोन ठिकाणी किती वेगळा आहे ते दिसतं.

तापी महाकाय पुनर्भरण योजना ही या जागेसाठी आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी तिच्यावर सह्या केल्या. खारिया गुटीघाटला तापीवर कमी उंचीचा बंधारा, ८.३१ टीएमसीचा, तिथून दोन्ही काठांनी सातपुड्याच्या पायथ्याला धरून जाणारे कालवे. पावसाळ्यात तापी दुथडी असते तेव्हा तिचं पाणी या कालव्यांनी बझाड्याच्या माथ्यावर आणायचं आणि नाल्यांत, पुनर्भरण विहिरींत सोडायचं. एकूण ३१.१३ टीएमसी, त्यातलं १९.३६ महाराष्ट्राचं, महाराष्ट्रातलं लाभक्षेत्र २,३४,७०६ हेक्टर. काटेकोर बोलायचं तर हे आंतरखोरे स्थलांतर नव्हे. नदीही तापीची आणि जमीनही. पण नदी खाली वाहते आणि तहानलेला थर वर, बाजूला आहे. तेवढं अंतर कालव्याने तोडायचं. नदीजोडाच्या साऱ्या घोषणांत भूजलाचं गणित समोर ठेवून आखलेली योजना म्हणून बोट दाखवायचं तर याच एका योजनेकडे दाखवता येतं.

अडचणी तिच्यातही आहेत आणि त्या कागदावरच्या नव्हेत. पहिली, गाळ. ऑगस्टमधली तापी म्हणजे चहाच्या रंगाचं पाणी. ते पाणी तसंच रेताड थरात सोडलं तर चार पावसाळ्यांत रेतीची भोकं बुजतात आणि पुनर्भरण विहीर ही नुसती विहीर राहते. पाणी निवळवायला जागा हवी, दर उन्हाळ्यात गाळाची साय खरवडायला माणसं हवीत, आणि त्या कामाचा ठेका आमदाराच्या माणसाला न जाता वर्षानुवर्षं नीट चालायला हवा. पाझर तलावांच्या बाबतीत महाराष्ट्राने हे कधी नेटाने केलेलं नाही. शेजारच्या शिरपूरमध्ये, भूजल विभागातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून आणि कालव्याचं वाहून जाणारं पाणी कोरड्या विहिरींत सोडून पातळी वर आणून दाखवली. पुढे 'शिरपूर पॅटर्न' म्हणून तोच नमुना जिथे गाळ नाही, बेसॉल्टच आहे, तिथेही पोकलेनने उतरवला गेला. बऱ्याच ठिकाणी नाले खोल झाले, फोटो निघाले, आणि पाणी उघड्यावर उन्हात आटलं. दोष खानापूरकरांचा नाही. खडक न विचारता नकला करणाऱ्यांचा आहे.

दुसरी अडचण बुडिताची. बंधारा मेळघाटच्या अंगाला, कोरकूंच्या मुलखात. केळीच्या बागांसाठी त्यांच्या जमिनीचा काही भाग जाणार, आणि त्यांच्या वस्त्यांना भूजल मिळणार नाही. कवडासच्या कालव्यावर शेती करणारा पालघरचा वारली आणि हा कोरकू एकमेकांना ओळखत नसतील, पण त्यांची तक्रार एकच आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी आणि तिच्यावर सह्या करायला कुणी मुख्यमंत्री तयार नाही. खाली पाणी वाढलं की वर ट्यूबवेल वाढतात. आतल्या पाण्याला सातबारा नसतो. सरकारने वीस हजार कोटींच्या घरात खर्च करून जमिनीत घातलेलं पाणी, ज्याचा पंप मोठा तो घेणार. २००९ चा भूजल कायदा अधिसूचित क्षेत्रात उपशावर बंधन घालायचे अधिकार देतो. साठ मीटरपेक्षा खोल विहिरी शेती-उद्योगासाठी घेऊ नयेत असं तो म्हणतो. बोअर मारणारी गाडी रात्री गावात शिरते तेव्हा तिच्या चालकाला हा कायदा ठाऊकही नसतो. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, असं ग्रामसभेत ठरवलं आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. पण ते एक गाव आहे, नेतृत्वाला टिकाव आहे आणि पाणलोट त्याच्या हद्दीत आहे. रावेर-यावलच्या थरात शेकडो गावं एकाच पिशवीत नळ्या घालून बसली आहेत.

जगात याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण ॲरिझोनातलं आहे. वाळवंटातल्या टूसॉन शहराने अनेक दशकं जमिनीतलं पाणी उपसलं. मग कोलोराडो नदीचं पाणी ५४० किलोमीटरच्या कालव्याने, पंपांनी चढवत चढवत आणलं. १९९२ मध्ये ते शुद्ध करून थेट नळाला जोडलं आणि घराघरांतून तांबडं पाणी आलं. नदीच्या पाण्याची रासायनिक जात वेगळी. तिने जुन्या लोखंडी नळांचा गंज सोडवला. लोक इतके चिडले की १९९५ मध्ये मतदान करून त्यांनी ते पाणी थेट देण्यावर बंदी घातली. शहराने मग वेगळा मार्ग काढला. कालव्याचं पाणी दरीतल्या उथळ खाचरांत सोडलं, जमिनीतून गाळलं, तिथल्या भूजलात मिसळलं आणि २००१ पासून तेच मिश्रण विहिरींतून वर काढून नळाला दिलं. पाणी गाळणारा, साठवणारा थर तिथे होता; आणि ॲरिझोनाच्या कायद्यात कुणी किती पाणी जमिनीत घातलं आणि कुणी किती काढलं याची वही होती. थर जळगावला आहे. वही नाही.

गुजरातने वहीशिवाय करून पाहिलं. महेसाणा-बनासकांठ्यातल्या ट्यूबवेल शेकडो मीटर खाली गेल्यावर महीवरच्या कडाणा धरणातून उत्तरेकडे सुमारे ३३० किलोमीटरचा सुजलाम सुफलाम कालवा काढला, आणि पाणी मुरावं म्हणून तो मुद्दाम अस्तराविना ठेवला. नर्मदेच्या पाण्यानेही तिथले तलाव भरले. कालव्याच्या कडेच्या विहिरींना फायदा झाला. लांबच्यांनी मोठी मोटर बसवली.

आपल्याकडे अस्तर नसलेला कालवा म्हणजे गळका कालवा, निकृष्ट काम, चौकशी. मुरलेल्या पाण्याला आपण अजून गळतीच म्हणतो. गोदावरीचं उदाहरण बघावं. समन्यायी वाटपासाठी नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सुटतं तेव्हा कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, काठच्या पंपांची वीज तोडतात, पोलीस गस्त घालतात. तरी कोरडं पात्र आपला वाटा पितंच. दोन्ही बाजू त्याला तूट म्हणून भांडतात. त्या तुटीवर काठच्या विहिरी दोन महिने जगतात, हे कुणाच्याच हिशेबात येत नाही.

मराठवाड्याला मग काय? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. कृष्णेचं पाणी मांजरेच्या, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात. मालगाडीच्या वेळापत्रकावर चाललेलं आंतरखोरे स्थलांतर. ते पाणी कुणी जमिनीत मुरवायला आणलं नव्हतं. पिण्यापुरतं होतं, आणि तेवढं काम त्याने केलं. मांजरेच्या काठी त्या काळात साखर कारखान्यांचीही उणीव नव्हती, एवढं नोंदवून पुढे जायला हवं.

बेसॉल्टच्या मुलखात आणलेलं पाणी जमिनीत घालून उपयोग नाही. त्याच्या बदल्यात जमिनीतून काढणं थांबलं तर मात्र उपयोग आहे. ज्या गावाला कालव्याचं किंवा पाइपचं पाणी मिळेल त्या गावाची बोअर बंद, पिण्याखेरीज. असा सौदा असेल तरच विहिरींचा पाझर जानेवारीपर्यंत टिकेल. हा सौदा नदीजोडाच्या एकाही भाषणात ऐकू येत नाही. उलट पाणी येणार म्हटलं की उसाची लागवड आधी होते. कृष्णा-मराठवाडा योजनेचंही तेच. तिच्यात आष्टी, भूम, परांड्याकडे येणारं पाणी मुळात आंतरखोरे नाहीच. मराठवाड्याचा तो भाग सीना-भीमेच्या म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यात आहे, आणि तो त्याचा हक्काचा वाटा आहे. त्या वाट्याला विरोध करण्यासारखं काही नाही. तो आल्यावर बोअरचं काय, एवढंच विचारायला हवं.

खारपाणपट्ट्याचा प्रश्न आणखी वेगळा. वैनगंगा-नळगंगा जोडकालवा गोसीखुर्दचं गोदावरी खोऱ्यातलं पाणी तापीच्या खोऱ्यात, बुलढाण्यापर्यंत नेणार. अकोला-बुलढाण्यातल्या पूर्णेच्या गाळात भूजल संपलेलं नाही, ते खारट आहे. तिथे वरून गोडं पाणी भरपूर दिलं आणि निचऱ्याची सोय केली नाही, तर खालचं खारं पाणी वर सरकतं आणि काळी जमीन फुगते, पांढरी पडते. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. ८० हजार कोटींच्या पुढच्या त्या कालव्यासोबत निचऱ्याच्या चरांवर किती खर्च धरला आहे, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने पहिल्यांदा विचारावं.

आता परत काशीगावकडे. मीरा-भाईंदरला मिळणाऱ्या पाण्यातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं नियोजनाचं मान्य प्रमाण आहे. सूर्येच्या एकट्या वाट्याचं धरलं तर रोज सव्वासतरा कोटी लिटरपेक्षा जास्त, वर्षाला सव्वादोन टीएमसी. ते प्रक्रिया होऊन किंवा न होता खाडीला मिळतं. नागपूरने आपलं सांडपाणी शुद्ध करून रोज १३ कोटी लिटर कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला दिलं. तेवढं पेंचचं पाणी केंद्राला लागेनासं झालं. बंगळुरूने कावेरीचं वापरून झालेलं पाणी कोलारच्या आटलेल्या तलावांत पाइपने चढवून सोडलं, २०१८ पासून. तिथल्या विहिरी वर आल्या, आणि फेस दिसल्यावर लोक कोर्टातही गेले, कारण शुद्धीकरण दुसऱ्या टप्प्यावरच थांबलं होतं. तलावाखाली विहिरी, विहिरीवर घर. तिसरा टप्पा वाचवायची ही जागा नव्हती.

मीरा-भाईंदरच्या आसपास कोराडीएवढं गिऱ्हाईक नाही. पण काशीमिऱ्याच्या औद्योगिक वसाहती आहेत, उभे राहणारे टॉवर आहेत, मेट्रोची कामं आहेत, महामार्गावरच्या दुभाजकांची झाडं आहेत. आणि या सगळ्यांना आज एक तर नळाचं पाणी जातं नाहीतर टँकरचं. टँकर बोअरवर भरतात, आणि मिठागरांच्या या शहरात गोड्या पाण्याचं बोअर जास्त उपसलं की त्यात खाडी शिरते. इथलाही थर आटतोच आहे, फक्त त्याच्या नावाने नदीजोड मागायला कुणी उभं नाही. चेणेच्या जलाशयात सूर्येचं पाणी पूर्ण क्षमतेने पडू लागेल त्या दिवसापासून उल्हासमधून स्टेम आणि एमआयडीसीकडून घ्यायचा कोटा मीरा-भाईंदर किती कमी करणार, की तो तसाच ठेवून वर सूर्येचं घेणार, हे महापालिकेच्या ठरावात आकड्यासह लिहून घेणं काशीगावकरांच्या हातात आहे. त्या आकड्याची वाट उल्हासकाठचं बदलापूर बघतं, कल्याण बघतं, आणि कवडासच्या कालव्यावर रब्बीचं पाणी कधी सुटतं हे विचारत बसलेली पालघरची गावंही बघतात.